'आय अ‍ॅम गुड' म्हणजे हो की नाही? परदेशी माणसांशी नव्याने बोलणाऱ्यांसाठी

नागपुरात मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कात अमेरिकन ग्राहकांशी बोलायची नोकरी लागली, की व्याकरणाची भीती थोड्याच दिवसांत जाते. शाळेत घोटलेलं इंग्रजी तेवढ्यापुरतं उपयोगी पडतं. अडतं ते 'गुड'सारख्या शब्दाशी. तो पहिलीच्या पुस्तकात भेटलेला असतो, म्हणून पुन्हा कुणी तपासून पाहत नाही. समोरचा म्हणतो 'आय अ‍ॅम गुड', आणि त्याला हवं आहे, नको आहे, की तो नुसती खुशाली सांगतोय, हेच आपल्याला उमगत नाही.

मी अशाच कामात आहे. टीममध्ये नवीन मुलंमुली आली की हा एक शब्दप्रयोग दरवेळी समजावून द्यावा लागतो. मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला निघालेले कॉलनीतले काका-काकूही हेच विचारतात, कारण विमानात बसल्यापासून हे वाक्य कानावर पडायला लागतं. म्हणून दोघांच्याही कामी येईल असं लिहितोय.

आधी जवळ काय असू द्यावं

फार काही लागत नाही.

- एक लहान वही. प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'काय विचारलं', उजवीकडे 'काय उत्तर आलं'. वही अशीच का, ते पहिल्या पायरीत येईल.
- चांगले इअरफोन. या वाक्याचा बराचसा भाव सुरात असतो.
- केंब्रिजचा किंवा मेरियम-वेबस्टरचा शब्दकोश. दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत.
- यूग्लिश नावाची वेबसाइट. तिच्यात वाक्य टाकलं, की यूट्यूबवरच्या व्हिडिओंमध्ये ते जिथे खरोखर बोललं गेलंय ते तुकडे एकामागून एक ऐकू येतात. अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असा उच्चारही निवडता येतो.

महागडा स्पोकन इंग्लिशचा क्लास एवढ्यासाठी लावू नका. सीताबर्डी-सदरला पाट्यांची कमी नाही, पण बहुतेक ठिकाणी 'नो, थँक यू' शिकवून पुढे जातात. ते चूक नाही. फक्त समोरचा माणूस तसं बोलत नाही.

आणि एक तंबी: सरावासाठी म्हणून ग्राहकाचे कॉल स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. ती माहिती ग्राहकाची आणि कंपनीची असते. नोकरी जाऊ शकते. कॉल संपल्यावर आठवेल तेवढं वहीत लिहा, तेही नाव-गाव वगळून.

1. उत्तर सोडा, आधी प्रश्न पकडा

या वाक्याला स्वतःचा असा पक्का अर्थ नाही. तो आधीच्या प्रश्नातून येतो. म्हणून वहीत डावी बाजू आधी भरायची.

प्रश्न खुशालीचा असेल, म्हणजे 'हाऊ आर यू?' किंवा 'हाऊज इट गोइंग?', तर 'आय अ‍ॅम गुड' म्हणजे मी मजेत आहे.

प्रश्नात काही देऊ केलं असेल, 'कॉफी?', 'डू यू नीड अ बॅग?', 'कॅन आय हेल्प यू विथ एनीथिंग एल्स?', तर 'आय अ‍ॅम गुड' म्हणजे नको, माझं भागलंय.

प्रश्न तयारीचा किंवा अडचणीचा असेल, 'आर यू ओके विथ दॅट?', 'डू यू हॅव एव्हरीथिंग?', तर अर्थ होतो: हो, चालेल, सगळं आहे माझ्याकडे.

तिन्हींच्या मुळाशी एकच भाव आहे. माझी आत्ता जी स्थिती आहे त्यात काही कमी नाही, तेव्हा भर घालायची गरज नाही. हे एकदा डोक्यात बसलं, की जेवणाच्या ताटावर हात आडवा धरून आपण 'बस्स, झालं' म्हणतो, त्याच्या अगदी जवळ तुम्ही पोचता.

2. 'येस' आणि 'नो' यांच्या नादी लागू नका

सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

'वुड यू लाइक सम मोअर?' या एका प्रश्नाला पुढची तिन्ही उत्तरं येऊ शकतात:

'नो, आय अ‍ॅम गुड.'
'येआ, आय अ‍ॅम गुड.'
'येआ, नो, आय अ‍ॅम गुड.'

तिन्हींचा अर्थ बहुतेक वेळा सारखाच: नको. पहिल्यात 'नो' आहे म्हणून ते सोपं वाटतं. दुसऱ्यातला 'येआ' हा होकार नाही. 'तुम्ही विचारलंत ते ऐकलं, माझं ठीक चाललंय' एवढाच त्याचा भाव. तिसऱ्यातला 'येआ' विचारल्याची दखल घेतो आणि 'नो' नकार देतो. शब्द मोजत बसलात तर डोकं गरगरेल. वाक्य कुठे येऊन थांबलं ते पाहा. 'गुड'वर थांबलं असेल, तर देऊ केलेली वस्तू मागे घ्यायची.

सपोर्टच्या कामात हा खड्डा महागात पडतो. एजंट विचारतो, 'शाल आय गो अहेड अँड अ‍ॅड द एक्स्टेंडेड प्लॅन?' ग्राहक म्हणतो, 'येआ, आय अ‍ॅम गुड.' 'येआ' ऐकून एजंट प्लॅन जोडून टाकतो, आणि पुढच्या महिन्यात बिल पाहून ग्राहक तडकतो. पैशाचा विषय असला की अंदाज लावायचा नाही. सरळ विचारायचं: 'जस्ट टु कन्फर्म, यू डोन्ट वॉन्ट मी टु अ‍ॅड इट, करेक्ट?' याचं ग्राहकाला वाईट वाटत नाही. न विचारता पैसे कापले गेले, तर वाटतं.

याच जातीचा दुसरा चकवा 'डू यू माइंड'चा. 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' असं कुणी विचारलं आणि उत्तर आलं 'यू आर गुड', तर बसायला हरकत नाही. तिथे आपण उत्साहाने 'येस, येस' म्हटलं, तर शब्दशः 'हो, माझी हरकत आहे' असं होतं. समोरचा हसरा चेहरा पाहून समजून घेतो, फोनवर मात्र चेहरा नसतो.

3. माणूस बदलला की अर्थ बदलतो: 'यू आर गुड', 'वी आर गुड'

'यू आर गुड' ऐकून कौतुक झालं असं समजू नका. कुणाला चुकून धक्का लागला, तुम्ही 'सॉरी' म्हणालात आणि तो म्हणाला 'यू आर गुड', तर त्याचा अर्थ 'असू द्या, काही झालं नाही'. दुकानात कार्ड लावल्यावर काउंटरवरची मुलगी 'यू आर गुड' म्हणाली, तर पैसे पोचले, कार्ड काढा. विमानतळाच्या तपासणीत कर्मचारी हात हलवत तेच म्हणाला, तर पुढे चला. आपली माणसं तिथे थबकून 'थँक यू, थँक यू' करत उभी राहतात आणि मागे रांग तुंबते. याच जागी 'यू आर ऑल सेट' हेही फार ऐकू येतं, अर्थ तोच.

'वी आर गुड' हे दोन ठिकाणी येतं. टेबलावर चौघं बसलेत आणि वेटरने 'यू गाइज गुड?' विचारलं, तर एकाने सगळ्यांच्या वतीने 'वी आर गुड, थँक्स' म्हणायचं, म्हणजे आत्ता काही नको. दुसरी जागा नाजूक आहे. मीटिंगमध्ये शब्दाला शब्द लागला आणि नंतर मॅनेजरने हळूच विचारलं, 'आर वी गुड?' तो कामाबद्दल विचारत नाहीये. आपल्यात काही किल्मिष उरलं नाही ना, असं विचारतोय. तिथे रिपोर्ट कुठवर आला ते सांगत बसू नका. 'येआ, वी आर गुड' एवढं पुरे. मनात खरंच काही असेल तर ते सांगायची वेळही हीच.

4. 'गुड'ला पुढे काय चिकटलंय ते ऐका

वाक्य 'गुड'वर संपलं नाही तर पुढचा छोटा शब्द सगळा अर्थ फिरवतो. तो शब्द अमेरिकन माणूस भुर्रकन बोलून जातो, म्हणून इअरफोन.

'आय अ‍ॅम गुड विथ दॅट': मला मान्य आहे. 'आय अ‍ॅम गुड टु गो': मी तयार आहे, निघू या, सुरू करू या. 'आय अ‍ॅम गुड टिल मंडे': सोमवारपर्यंत माझं भागेल, मध्ये काही पाठवू नका. 'वी आर गुड ऑन टाइम': वेळ पुरेसा आहे. 'आय अ‍ॅम गुड ऑन कॉफी': कॉफी पुरे, आणखी नको.

'आय अ‍ॅम गुड फॉर फ्रायडे' म्हणजे शुक्रवारी मला जमतं. पण 'आय अ‍ॅम गुड फॉर इट' हे वेगळं प्रकरण आहे. ते उधारीच्या बोलण्यात येतं: मी पैसे परत करीन, माझ्यावर भरवसा ठेवा. दोन्हींत 'फॉर' एकच असल्याने गफलत होते. पुढे दिवस-वेळ आहे की पैशाची गोष्ट चालली आहे, तेवढं पाहायचं.

'गुड अ‍ॅट' म्हणजे एखाद्या गोष्टीत हुशार. आपण 'गणितात' म्हणतो, त्या ओघात 'गुड इन मॅथ्स' सुटतं. ते समजतं सगळ्यांना, पण तिकडचे लोक 'अ‍ॅट' म्हणतात. मुलाखतीत तेवढं सांभाळा.

5. स्वतः म्हणायला शिका

ऐकून कळणं आणि स्वतःच्या तोंडून सहज निघणं यांत अंतर आहे. उच्चार आधी. 'आय अ‍ॅम गुड' असे तीन सुटे शब्द कुणी म्हणत नाही. 'आय्म गुड' असं निघतं. 'गुड'मधला उकार ऱ्हस्व, शेवटचा ड जेमतेम लागलेला. आपण तो 'गूड्ड' करतो आणि वाक्य विनाकारण जोरकस होतं.

नकार देताना 'थँक्स' सोडू नका. 'आय्म गुड, थँक्स' हे आदबशीर आहे. नुसतं 'आय्म गुड', तेही तुटक आणि समोर न बघता, म्हणजे 'डोकं खाऊ नका'. 'नाह, आय्म गुड' हे मित्रांत चालतं, आणि कुणी भलतंच काही सुचवलं तर 'नको रे बाप्पा' अशा अर्थानेही येतं. ग्राहकाला ते म्हणू नये.

खुशालीच्या प्रश्नाला उत्तर छोटं ठेवा आणि प्रश्न परत करा: 'आय्म गुड, हाऊ आर यू?' तिकडे 'हाऊ आर यू' हा नमस्कार आहे. काकांनो, तिथे शुगर किती आली आणि गुडघा कुठे दुखतो हे सांगायचं नसतं. ते डॉक्टरकडे.

इथे एखादा जुन्या वळणाचा सर तुम्हाला अडवेल: 'गुड' नाही, 'वेल' म्हणा. 'अ‍ॅम' नंतर विशेषण येतं, त्यामुळे 'आय अ‍ॅम गुड' व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. 'आय अ‍ॅम वेल'ही बरोबर, त्यात तब्येतीचा रोख जास्त. सरांचा आक्षेप खरा ठरतो तो 'आय अ‍ॅम डुइंग गुड' याला, कारण तिथे क्रियाविशेषण हवं. बोलण्यात अमेरिकन लोक तेही सर्रास म्हणतात. मुलाखतीत किंवा लेखी परीक्षेत 'आय अ‍ॅम डुइंग वेल' म्हणा आणि वाद मिटवा.

आणखी एक. नकारासाठी 'आय अ‍ॅम नॉट गुड' असं कधीही म्हणू नका. 'नको' म्हणजे नकार, म्हणून 'नॉट' घालायचा, असा हिशेब मनात होतो. पण त्याचा अर्थ माझं बरं चाललेलं नाही असा होतो, आणि समोरचा घाबरून विचारपूस करायला लागतो.

6. नकार ऐकला की थांबा

ही पायरी इंग्रजीची नाही, आपल्या स्वभावाची आहे. आपल्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हटलं तर तो लाजतोय असं धरतात. 'घ्या न जी, एवढ्याशा पोह्यांनी काय होते,' म्हणत प्लेटमध्ये आणखी एक पळी पोहे आणि वर तर्री पडतेच. पाहुण्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तोही तिसऱ्या आग्रहापर्यंत वाट पाहतो.

'आय्म गुड, थँक्स' म्हणणारा माणूस लाजत नसतो. त्याने नको म्हटलंय आणि त्याच्या लेखी विषय संपलाय. थोड्या वेळाने एकदा विचारलं तर हरकत नाही. लगेच दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारलं, तर त्याला ती जबरदस्ती वाटते. ग्राहकाला प्लॅन विकतानाही हेच: एक नकार नोंदवा, पुढे जा.

याची दुसरी बाजू काका-काकूंनी नीट लक्षात घ्यावी. तुम्ही सवयीने पहिल्यांदा 'आय्म गुड' म्हणालात तर पुन्हा कुणी विचारणार नाही. विमानात जेवणाची गाडी पुढे निघून जाईल. भूक असेल तर पहिल्याच वेळी 'येस, प्लीज' म्हणा. सुनेच्या अमेरिकन मैत्रिणीकडे गेलात तरी तोच नियम. संकोच बडनेरा स्टेशनवरच सोडून मुंबईची गाडी धरा.

7. कुठे म्हणायचं नाही

हे बोलीतलं वाक्य आहे आणि त्याचा अर्थ संदर्भावर लटकलेला असतो. जिथे चुकीचा अर्थ लागून नुकसान होईल, तिथे ते नको.

दवाखान्यात नर्सने विचारलं 'डू यू नीड समथिंग फॉर द पेन?' आणि तुम्ही 'आय्म गुड' म्हणालात, तर औषध मिळणार नाही. दुखत असेल तर 'येस, आय हॅव पेन', नसेल तर 'नो पेन'. इमिग्रेशनच्या खिडकीशी, पोलिसांशी, बँकेत सही करताना प्रश्नाला 'येस' किंवा 'नो' आणि एक पूर्ण वाक्य. अधिकारी 'यू आर गुड' म्हणेल तेव्हा पासपोर्ट उचलायचा, आपण मात्र त्याला तसं म्हणायचं नाही.

ईमेलचं थोडं वेगळं आहे. ऑफिसच्या चॅटवर 'आय अ‍ॅम गुड विथ धिस' चालून जातं. करार, दर, मुदत यांच्या मेलमध्ये 'आय अ‍ॅप्रूव्ह' किंवा 'वी अ‍ॅग्री टु द चेंजेस' लिहा. सहा महिन्यांनी कुणी तो मेल उघडेल तेव्हा 'गुड' कशाला म्हटलं होतं यावर वाद नको.

8. देश बदलला की पुन्हा कान लावा

वर सांगितलेली बहुतेक उदाहरणं अमेरिकेतली आहेत. ब्रिटनमधली तरुण मंडळी आता 'आय्म गुड' म्हणतात, पण तिथे 'आय अ‍ॅम फाइन, थँक्स' किंवा 'आय अ‍ॅम ऑल राइट, थँक्स' हे नकार जास्त मुरलेले आहेत. ब्रिटिश सहकारी सकाळी 'यू ऑल राइट?' म्हणाला, तर आपला चेहरा उतरलाय की काय म्हणून आरशात पाहू नका. तो नमस्कार आहे. ऑस्ट्रेलियात दुकानदार 'यू राइट?' विचारतो, म्हणजे काही मदत हवी का. नको असेल तर 'आय अ‍ॅम राइट, थँक्स'. तो आपण बरोबर असल्याचा दावा नाही. आयर्लंडचा माणूस 'आय अ‍ॅम ग्रँड' म्हणतो. त्यात काही भव्य नसतं, त्याला फक्त चहा नको असतो.

तुमची शिफ्ट कोणत्या देशासाठी आहे ते पाहून यूग्लिशवर तो उच्चार निवडा आणि रोज थोडे तुकडे ऐका. प्रत्येक तुकडा थोडा मागे नेऊन आधीचा प्रश्न ऐकायचा, मगच उजवीकडे उत्तर लिहायचं. ज्यांना खोलात शिरायचं आहे त्यांच्यासाठी 'कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश' हा खऱ्या वापरातल्या इंग्रजीचा ऑनलाइन संग्रह आहे. 1990 ते 2019 या काळातले 100 कोटींहून अधिक शब्द त्यात शोधता येतात, नोंदणी करून मर्यादित वापर फुकट आहे. त्यातला बोलीचा विभाग निवडा, नाहीतर छापील मजकूरच जास्त सापडेल.

वहीची दोन-चार पानं भरली की डावी बाजू झाकून उजवी वाचून पाहा. नुसत्या उत्तरावरून प्रश्न ओळखता येत नाही हे दिसेल, आणि फोनवर आधीचं वाक्य ऐकू आलं नसेल तेव्हा 'कुड यू रिपीट दॅट, प्लीज?' विचारायला मग संकोच वाटणार नाही.